पट्टी बदलायचं बटण

नकाशेवाल्यांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा ते वाद्यांच्या दुकानात, हात कुठे धुता येतील, असं विचारत होते.

दुकानातली मुलगी फोनवर बोलत होती. बोलता बोलता ती मागच्या भिंतीशी ठेवलेल्या एका लांबलचक सिंथेसायझरवर रेलली आणि तिच्या कोपराखालून काहीतरी वर यायला लागलं. पहाटे तळ्यावरून धुकं उठतं, तेव्हा ते नेमकं कधी उठायला लागलं हे सांगता येत नाही, तसा तो आवाज होता. सुरुवात नव्हती. तो हळूहळू भरत गेला, दुकानातल्या गिटारींच्या मधून वाट काढत छतापर्यंत पोचला आणि मुलीने कोपर काढलं तरी घाईघाईने न जाता, निरोप घेतल्यासारखा, एकेका कोपऱ्यातून निघून गेला. कोपराखाली आलेले सूर एकमेकांशी जुळणारे नव्हते. तरीही नकाशेवाल्यांचे हात धुवायचे राहून गेले.

वास्तविक ते तिथे एक साधा कीबोर्ड घ्यायला आले होते.

नकाशेवाले पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढत, म्हणून बँडमध्ये त्यांचं हे नाव पडलं होतं. नकाशे उत्तम काढत, फक्त अधूनमधून तंद्री लागायची. एकदा गावाला पाणी आणणारी मुख्य वाहिनी त्यांनी कागदावर इतक्या सुंदर वळणाने नेली, की ती गावाला न भेटताच परत तळ्यात गेली. साहेबांनी नकाशा परत पाठवला. शेरा होता, 'पाणी गावात आणावे.'

बँड चौघांचा. गाणारे आणि प्रमुख, दातांचे डॉक्टर. आठवडाभर ते लोकांना तोंड उघडायला लावत आणि सुटीच्या दिवशी स्वतःचं उघडत. ड्रम वाजवायचा टायरवाला. त्याचं टायरचं दुकान होतं आणि बँडची गाडीही त्याचीच. गिटारवर डॉक्टरांचा मेहुणा, विमा कंपनीतला. लोकांना आवडलेली गाणी होती तशीच वाजवायची, हे बँडचं काम. वाढदिवस, निरोपसमारंभ, दुकानांची उद्घाटनं. 'होती तशीच' यावर डॉक्टरांचा फार भर असे. मूळ गाण्यात बासरीवाल्याने दम घेतला असेल तर नकाशेवाल्यांनीही तिथे दम घ्यायचा, कीबोर्डला फुप्फुसं नसली तरी.

जुना कीबोर्ड एका निरोपसमारंभात गेला. एक की दबली ती वर येईना. निवृत्त होणारे गृहस्थ भाषणाला उभे राहिले आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याखाली व्हायोलिनचा एक करुण सूर ताणून धरलेला राहिला. गृहस्थांना वाटलं, हे मुद्दाम आहे. ते रडले. मग त्यांची मंडळी रडली. शेवटी टायरवाल्याने भिंतीतला प्लग उपटला, तेव्हा कुठे ते जेवायला मोकळे झाले.

"नवा घ्यायच्या आधी एक विचारू का?" परतीच्या वाटेवर मेहुणा म्हणाला होता. "घ्यायलाच कशाला हवा? माझ्या लॅपटॉपमध्ये सगळे आवाज आहेत. एक बटण दाबलं की सगळी वाद्यं हजर."

"मग नकाशेवाले काय करणार?" टायरवाल्याने विचारलं.

"बसतील की. ऐकतील. त्यांना ऐकायला आवडतं."

"लॅपटॉपला तालमीला चहा लागत नाही, हेही आहेच म्हणा," डॉक्टर म्हणाले. ते विनोदाने म्हणाले, पण नंतर हसले नाहीत. नकाशेवाल्यांच्या ते लक्षात आलं. तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलला दर शनिवारच्या संध्याकाळसाठी बँड हवा होता आणि लवकरच परीक्षा घेतल्यासारखा एक कार्यक्रम होणार होता. "तोवर तुमच्याकडे चांगलं वाद्य असलं तर तुम्ही," डॉक्टर म्हणाले, "नाहीतर मग बघू." या 'बघू'चा अर्थ नकाशेवाल्यांना चांगला ठाऊक होता. कार्यालयातल्या त्यांच्या बढतीच्या अर्जावर बरीच वर्षं तोच शब्द होता.

वाद्य निवडायचं म्हटल्यावर सल्ल्यांना तोटा नसतो. कार्यालयातल्या रोखपालांनी सांगितलं, कीज जितक्या जास्त तितकं वाद्य चांगलं. मेहुण्याने सांगितलं, वजन जितकं कमी तितकं चांगलं. दोन्ही सल्ले एकत्र पाळणारं वाद्य अजून कुणी बनवलेलं नाही. इमारतीचे सचिव वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी सांगितलं, वाद्य कुठलंही घ्या, पण वजनाची पावती मागा. बायको शाळेत गणित शिकवायची. तिने एकच विचारलं, "अहो, ते ठेवणार कुठे?" 

डॉक्टरांनी मात्र तोंडी यादी पाठ करून घेतली होती. ट्रम्पेट खरा वाटला पाहिजे. टाळ्यांचा आवाज हवा, म्हणजे लोकांनी नाही वाजवल्या तरी चालेल. आणि पट्टी बदलायचं बटण समोर हवं, बोटाखाली.

या शेवटच्या मुद्द्यावर नकाशेवाल्यांची सगळी कला उभी होती. त्यांना एकाच पट्टीत वाजवता यायचं, पांढरी एक. सगळी गाणी ते तिथेच शिकले होते, आणि गाणं दुसऱ्या पट्टीत हवं असलं की ते एक बटण दाबत. बोटं पांढरी एकमध्येच फिरत, आवाज हवा तिथून येई. डॉक्टरांचं मत असं, की आपला गळा वरच्या पट्टीतच खुलतो. गाणं रंगात आलं की ते हात पाठीमागे नेऊन दोन बोटं वर करत, म्हणजे दोन घरं वर. नकाशेवाले बटण दोनदा दाबत आणि डॉक्टर मानेच्या शिरा ताणून वर चढत. बँडची ही रीत इतकी मुरली होती, की दवाखान्यात एखादा रुग्ण जास्त ओरडला तर डॉक्टरांची दोन बोटं आपोआप पाठीमागे जात.

तर हे सगळं डोक्यात घेऊन नकाशेवाले दुकानात आले होते आणि आता भिंतीशी उभे होते.

"हा आवाज कुठला?"

"कुठला?" मुलीने फोन खाली ठेवला. "हा होय? हा चालू केल्यावर पहिलाच लागतो. सगळे तो सोडून पुढे जातात, सर. गाण्यात नाही वापरता येत. फार हळू आहे." तिने खुर्ची पुढे केली. "वाजवून बघा ना. काळी चारमध्ये काही वाजवा, तिथे फार छान लागतो."

"आज काळी चारचा मूड नाही," नकाशेवाले खुर्चीत बसत म्हणाले.

त्यांनी पांढरी एकमध्ये तीन सूर एकत्र दाबले आणि बोटं तिथेच ठेवली. दुकानाबाहेर बस थांबली, माणसं उतरली, बस गेली. सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं. एक बाई पिशवी या हातातून त्या हातात घेत होती आणि ती साधी गोष्टही त्यांना फार जपून केल्यासारखी वाटली. त्यांना आपण काढलेली ती वाहिनी आठवली, गावाला वळसा घालून तळ्यात गेलेली, आणि पहिल्यांदाच वाटलं की तिची काही चूक नव्हती.

"सर, ट्रम्पेट दाखवू?"

"असेल ना?"

"आहे."

"मग असू दे."

"टाळ्या?"

"असतीलच."

निघता निघता त्यांना आठवलं. "पट्टी बदलायचं बटण?"

"मेनूत आहे, सर," मुलगी म्हणाली. घरचं माणूस आत आहे, हाक मारली की येईल, अशा सुरात ती हे म्हणाली, आणि नकाशेवाल्यांचं समाधान झालं. इतकी वर्षं ज्या एका बटणाने त्यांना तारलं होतं, ते त्यांनी पाहिलंदेखील नाही. त्यांनी तो सिंथेसायझर घेतला. किमतीबद्दल घरात पुढे कुणी काही बोलायचं नाही, असं नंतर ठरलं, आणि बायकोने ते फक्त जेवताना मोडलं.

खोकं लिफ्टमध्ये मावेना. उभं केलं तर दार लागेना, तिरकं केलं तर नकाशेवाले मावेनात. शेवटी खोकं एकट्यानेच लिफ्टने वर जावं आणि त्यांनी जिन्याने, असं ठरलं. ते धापा टाकत वर पोचले तेव्हा खोकं खाली परत गेलं होतं, कारण तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं. असं काही वेळा झालं. तळमजल्यावरचे लोक दार उघडत, आत खोकं बघत आणि जागा नाही म्हणून परत पाठवत. शेवटी सचिव खोक्यासोबत वर आले, ते खोक्यावर बसून.

"वजनाची पावती?" त्यांनी विचारलं.

नव्हती. मग समितीचा ठराव आला: मोठ्या आवाजाचं वाद्य इमारतीत वाजवायचं असल्यास समितीसमोर वाजवून दाखवावं. समिती म्हणजे सचिव, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू. नकाशेवाल्यांनी हेडफोन लावले आणि वाजवलं. काहीच ऐकू आलं नाही. समितीने बराच वेळ शांततेकडे कान दिला.

"हरकत नाही," सचिव म्हणाले. "पण वाजवतात ते कळायला तरी हवं. नाहीतर नोंद कशाची करायची?"

त्यानंतर रोज संध्याकाळी हेडफोन लावून तालीम सुरू झाली. नकाशेवाल्यांच्या कानांत तळं भरून यायचं. आणि खालच्या मजल्यावर काय जायचं, ते काकू एका संध्याकाळी वर आल्या तेव्हा कळलं.

"वहिनी," त्या बायकोला म्हणाल्या, "एक विचारते, राग मानू नका. तुमच्याकडे एवढी भाजी खातं कोण?"

"भाजी?"

"रोज दोन दोन तास चिरताय. खटखट खटखट. मी ह्यांना म्हटलं, खानावळ काढली असणार."

बायकोने आतल्या खोलीकडे पाहिलं. आत नकाशेवाले डोळे मिटून, आनंदाने, कीजवर बोटं आपटत होते.

"नाही हो," ती म्हणाली, "ते संगीत आहे."

काकूंनी क्षणभर ऐकलं. "कांदा वाटतो," त्या म्हणाल्या.

इतक्या खोल आवाजाचा जगात फक्त हा भाग ऐकू जावा, हे नकाशेवाल्यांच्या मनाला लागलं. त्यांनी कीबोर्डखाली गादी घातली, मग गादीखाली सतरंजी. वाद्य इतकं उंच झालं की स्वतः त्यांना स्टुलावर उशी घ्यावी लागली. बायको चहा घेऊन आत आली, त्यांच्याकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाली, "चहा वर पोचवू, की खाली येताय?"

मग तिने हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावले. नकाशेवाल्यांनी तीन सूर धरले. चहावर साय धरली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण अहो, यावर वाढदिवसाला कोण नाचणार?"

तालमीला, डॉक्टरांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, हाच प्रश्न चौघांसमोर आला. डॉक्टरांनी गाणं सुरू केलं, रंगात आले, दोन बोटं वर केली. नकाशेवाले मेनूत गेले. मेनूत आणखी एक मेनू होता, त्यात आणखी एक. ते बाहेर आले तेव्हा गाणं संपलं होतं आणि टायरवाला काठीने पाठ खाजवत होता.

"सापडलं," नकाशेवाले म्हणाले.

"पुढच्या गाण्याला उपयोगी पडेल," मेहुणा म्हणाला. त्याने लॅपटॉप बाहेर काढला नाही, फक्त पिशवीची चेन उघडून परत लावली. तेवढा आवाज खोलीत सगळ्यांनी ऐकला.

डॉक्टरांनी तोडगा काढला. नकाशेवाल्यांनी प्रत्येक गाण्याचा आवाज आणि पट्टी घरी आधीच बसवून वाद्यात क्रमाने ठेवायची. कार्यक्रमात फक्त पुढचं, पुढचं करत जायचं. "आणि हे बघा," डॉक्टर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "हॉटेलात नीट झालं, तर मी मेहुण्याला गप्प करतो. नाही झालं, तर मला त्याचं ऐकावं लागेल. घरात राहायचंय मला." यात दुष्टपणा नव्हता. नकाशेवाल्यांनी मान हलवली. बँडमधल्या कीबोर्डमागच्या खुर्चीवरून त्यांना आठवड्यातून एकदा जगाकडे पाहता येत होतं. लॅपटॉपशेजारी बसून ते कसं दिसेल, याची त्यांना कल्पना करवेना.

हॉटेलची गच्ची तळ्यावर पुढे आलेली होती. संध्याकाळ उतरत होती, पाणी आधी राखी झालं, मग दिसेनासं झालं, आणि टेबलांवरचे दिवे हवेत ठेवल्यासारखे राहिले. लोक जेवत होते. व्यवस्थापक खांबाशी हात बांधून उभे होते; काळा कोट, चेहरा वजनकाट्यासारखा. सुरुवातीची गाणी ठरल्याप्रमाणे झाली. ट्रम्पेट खरा वाटला. टाळ्या वाद्यातून वाजल्या आणि दोन टेबलांनी त्यांत आपल्याही मिसळल्या.

त्या टाळ्यांनी घात केला. डॉक्टर खुलले. पुढचं गाणं घरी बसवलेल्या पट्टीत व्यवस्थित सुरू झालं होतं. पहिलं कडवं संपलं, टायरवाल्याने मधली थाप दिली आणि डॉक्टरांचा हात पाठीमागे गेला. दोन बोटं वर.

नकाशेवाल्यांनी मान नकारार्थी हलवली. डॉक्टरांना पाठीला डोळे नव्हते. बोटं हलली: वर, वर.

नकाशेवाले मेनूत शिरले. आतल्या मेनूत गेले. त्याच्याही आत गेले. पाठीमागची बोटं आता नुसती थरथरत होती. वाद्याने एक प्रश्न विचारला: सगळं मूळ स्थितीत न्यायचं का? नकाशेवाल्यांना वाटलं, हे सभ्य आहे, मूळ स्थितीत जाऊन मग दोन घरं वर जाऊ. त्यांनी 'हो' दाबलं.

ट्रम्पेट गेला. व्हायोलिन गेलं. ताल गेला, टाळ्या गेल्या, घरी बसवलेली सगळी गाणी गेली. वाद्य क्षणभर काळं पडलं आणि पुन्हा उजळलं, दुकानातून आणलं त्या दिवशीसारखं. डॉक्टर दुसऱ्या कडव्यासाठी श्वास भरून उभे होते. मेहुणा वळून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर विमा पॉलिसी विकली गेल्याचा आनंद होता.

काहीतरी वाजवणं भाग होतं. नकाशेवाल्यांनी पांढरी एकमध्ये तीन सूर धरले.

ते धुकं गच्चीवर उठलं. आधी ते कुणाला कळलंच नाही. मग डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि सूर शोधायला वर गेले; तिथे काही नव्हतं. ते खाली आले, आणखी खाली, आणि कुठेतरी खोल, जिथे ते गाण्यासाठी कधी गेले नव्हते, त्यांना पाय टेकायला जागा मिळाली. इतक्या खालून ओरडता येत नाही. ते हळू म्हणू लागले. ओळी त्याच होत्या, लोकांना पाठ असलेल्या, पण फोनवर कुणाला तरी धीर देताना माणूस बोलतो तशा त्या आता येत होत्या. मानेची एकही शीर दिसत नव्हती. टायरवाल्याने काठ्या मांडीखाली ठेवल्या आणि ड्रमवर तळहात फिरवायला सुरुवात केली, नव्या टायरवरून फिरवतो तसा. मेहुणा काही वेळ थांबला. मग त्याने एक तार छेडली, पुष्कळ वेळाने दुसरी. मधल्या वेळात ती तार कुठे जाते, हे तोही ऐकत होता.

नकाशेवाल्यांनी बोटं एका घरावरून दुसऱ्या घरावर नेली, उचललीच नाहीत म्हटलं तरी चालेल. कोपऱ्यातल्या टेबलावरची आजी नवऱ्याला काही सांगायला वाकली होती, ती तशीच वाकलेली राहिली. वाढपी ताट हातात घेऊन दाराशी उभा होता. तळं होतं तिथेच होतं, पण गच्ची त्यावरून थोडी पुढे सरकल्यासारखी वाटत होती. गाणं संपलं तेव्हा ते संपल्याचं कुणी ठरवलं नव्हतं. टाळ्या वाजल्या नाहीत. वाद्यातल्या तर आता नव्हत्याच.

व्यवस्थापक खांबापासून निघाले आणि डॉक्टरांजवळ आले. त्यांचे डोळे जरा ओले होते, पण आवाज कोरडा होता.

"फार सुंदर. पण जमणार नाही."

"का?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही ते सुरू केलंत आणि लोकांनी चमचे खाली ठेवले. सगळ्यांनी. मी एवढी वर्षं हॉटेल चालवतोय, असं पाहिलं नाही. आमच्याकडे चमचे खाली ठेवून चालत नाही, साहेब. आधीची गाणी ठीक होती, त्यात लोक खात होते. पण आता ती ऐकून मलाच कसंतरी होईल."

चौघांनी सामान आवरलं. ते गाडीकडे निघाले. नकाशेवाले वाद्याची पिशवी छातीशी धरून चालत होते. खुर्ची गेली हे त्यांना कळलं होतं. आश्चर्य एवढंच की ते दुःख त्यांच्यापर्यंत अजून पोचत नव्हतं, वाटेत कुठेतरी थांबून मागे वळून बघत होतं.

"म्हणजे शनिवार गेले," मेहुणा गाडीत बसत म्हणाला. "मी आधीच म्हणत होतो. आणि तो आवाज म्हणाल, तर तो लॅपटॉपमध्येही आहे. हुबेहूब."

"असेल," डॉक्टर म्हणाले. ते पुढच्या सीटवर बसले होते आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. "पण तुझा लॅपटॉप असा चुकेल का?"

मेहुण्याने पिशवीची चेन उघडली आणि परत लावली.

"पुढच्या तालमीला वेळेवर या, नकाशेवाले," डॉक्टर पुढे म्हणाले. "ते आज हळू झालेलं गाणं आधी घेऊ. आणि मी बोटं वर केली तर लक्ष देऊ नका."

टायरवाल्याने गाडी सुरू केली. नकाशेवाले मागे, सिंथेसायझर गुडघ्यांवर आडवा घेऊन बसले होते. हॉटेलचे दिवे तळ्यात लांब होत गेले. थोड्या वेळाने पुढच्या सीटवरून डॉक्टरांचा खालचा, बोलल्यासारखा आवाज येऊ लागला, त्याच ओळी, हळू. टायरवाल्याची बोटं स्टिअरिंगवर पडू लागली. आणि पट्टी कुठली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.